जंतू गेला, ताट वेगळेच राहिले

आधी तारखा, आणि नावांऐवजी हुद्दे. नावे मला ठाऊक आहेत. ती येथे मुद्दाम लिहीत नाही. अब्रुनुकसानीच्या फिर्यादीची मला भीती नाही, पण माझ्या तक्रारीचा रोख माणसांच्या नावांवर नसून त्यांच्या कृत्यांवर आहे.

सन १९९४, उन्हाळा. छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. जबाबदार: आमचे पेठेतले घरचे डॉक्टर. त्यांनी वर्षानुवर्षे तिला 'पित्त' म्हटले आणि गुलाबी औषधाच्या बाटल्या लिहून दिल्या. ते आता हयात नाहीत. आरोपी मृत झाला की त्याच्यापुरता खटला संपतो, तसा तो मीही संपवला आहे.

सन १९९९, दिवाळीनंतर. जठरात जंतू सापडला, उपचार झाले, आणि जंतू गेल्याचे फेरतपासणीने सिद्ध झाले. जबाबदार, अंशतः: पोटविकारांचे तज्ज्ञ. जंतू गेला की जळजळही जाईल, असे तोंडी आश्वासन त्यांनी दिले.

सन २००६, २००७ आणि २००८, तिन्ही वेळा जानेवारी, मुक्काम हिंजवडी. माझा मुलगा ज्या कंपनीत संगणकाचे काम करतो, तिने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी भरवलेले आरोग्य तपासणी शिबिर. जबाबदार, पूर्णतः: ते शिबिर चालवणारे तपासणी केंद्र. सह-जबाबदार: ज्या कंपनीने त्याला दरवर्षी बोलावले ती.

सन २००६ ते २००९. माझ्या नातीला माझ्या ताटात जेवू दिले गेले नाही. जबाबदार: वरीलप्रमाणे.

ही शेवटची नोंद काही वाचकांना क्षुल्लक वाटेल. ती क्षुल्लक का नाही, हे सांगण्यासाठीच पुढचा मजकूर आहे.

मी न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली. वकील म्हणून नव्हे, न्यायाधीश म्हणून तर नव्हेच. न्यायाधीशांच्या आसनाखाली टेबल मांडून बसणारा, पुकारा झाला की प्रकरण वर ठेवणारा आणि निकाल लागला की ते खाली घेणारा असा मी माणूस. त्या जागेवरून कायदा शिकवला जात नाही, पण तो अंगात मुरतो. पुराव्याशिवाय आरोप नाही, दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय नाही, आणि एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच आरोपाचा खटला पुन्हा नाही, हे मी जन्मभर पाहिले. आपल्या संविधानानेही एकाच अपराधाबद्दल एकाच माणसाला दोनदा शिक्षा करायला मनाई केली आहे. माझ्या पोटाला हे संरक्षण लागू नव्हते, असे दिसते.

जळजळ सुरू झाली तेव्हा घरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते नाडीपेक्षा माणूस जास्त बघत.

"काय म्हणतंय पोट?"

"जळतंय."

"चहा?"

"कोर्टात नोकरी आहे."

"मग जळणारच," असे म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

तपासणी एवढीच. त्या काळी पुण्यात पोटाची प्रत्येक तक्रार पित्ताच्या खात्यावर टाकली जाई. डोके दुखले, पित्त. उलटी झाली, पित्त. चिडचिड झाली, तर पित्त नक्कीच. माझ्या पत्नीचे निदान याहून वेगळे होते. ती म्हणे, "अहो, तुमची जळजळ सकाळी पेपर वाचून झाला की सुरू होते. तो बंद करून बघा आधी." पेपर मी बंद केला नाही. त्यात माझी पत्रे येत असत.

पाच वर्षे मी गुलाबी औषध प्यायलो. नळातून पाणी गळते आहे हे कळल्यावर खाली बादली लावायची आणि नळ दुरुस्त झाला असे समजायचे, असा तो प्रकार होता. बादली नव्व्याण्णव साली भरून वाहिली. दिवाळी उलटल्यावर शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. एके दिवशी कचेरीतच, हातात प्रकरणांचा गठ्ठा असताना, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी टेबलावर ओणवा झालो. न्यायाधीश महाराजांनी कामकाज थांबवले. माझ्या संपूर्ण नोकरीत माझ्यामुळे कामकाज थांबल्याचा तो एकमेव प्रसंग, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

रुग्णालयात तोंडातून नळी घालून आत पाहिले गेले. जठर संपून लहान आतडे सुरू होते तेथे व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होते. जठराच्या अस्तराचा कण काढून तपासला, त्यात जंतू निघाला. आम्लात सगळे मरते असे आम्हाला शाळेत शिकवले होते. हा जंतू त्या आम्लातच बिऱ्हाड करून राहतो, बहुधा लहानपणीच घरच्यांकडून पोटात येतो आणि पुष्कळांच्या पोटात काहीही उपद्रव न करता पडून असतो, हे मला त्या दिवशी कळले. ज्यांना तो उपद्रव देतो त्यांना व्रण देतो. मला दिला.

तज्ज्ञ तरुण होते, उत्साही होते. ते म्हणाले, "या जंतूनेच सगळा घोटाळा केलाय. हा एकदा गेला की तुम्ही भजी खायला मोकळे."

"आणि छातीतली जळजळ?" मी विचारले.

"तीही जाणार. मूळच उपटलं की फांदी कशी राहील?"

हे वाक्य मी लक्षात ठेवले, कारण ते आश्वासन होते आणि आश्वासन देणाऱ्याला ते आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन प्रकारची प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, अशी औषधे झाली. ती चालू असताना तोंडाला पितळेची चव असे. गुळाचा खडा खाल्ला तरी पितळेचा गूळ खाल्ल्यासारखे वाटे. पत्नी म्हणाली, "बरं आहे, भाजीला मीठ कमी पडलं तरी आता कळणार नाही." काही आठवड्यांनी, आम्लाची गोळी मध्ये दोन आठवडे बंद ठेवायला लावून, तज्ज्ञांनी पुन्हा नळी घातली. व्रण भरला होता. जठरातल्या दोन वेगवेगळ्या जागांचे कण तपासले. जंतू नव्हता. हे काम त्यांनी चोख केले आणि तेवढे श्रेय मी त्यांना देतो. जंतूवरचा खटला रीतसर चालला, पुरावा घेतला गेला आणि निकाल लागला.

जळजळ मात्र राहिली. उपाशी पोटी बेंबीच्या वर जी कळ येई ती गेली, भूक लागली, वजन वाढले. पण बुटाची नाडी बांधायला वाकलो की आंबट पाणी घशाशी येई, आणि जेवून आडवे झाले की छातीत निखारा ठेवल्यासारखे होई. पूर्वीपेक्षा ते वाढल्यासारखेच वाटे. तज्ज्ञांना सांगितले तर ते म्हणाले, "मनावर घेऊ नका." मनावर घेतले नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घेतल्या. पत्नी म्हणाली, "आता पर्वतीच्या उतारावर झोपल्यासारखं वाटतं. सकाळी मी पायथ्याशी सापडेन."

निवृत्तीनंतर आम्ही पेठेतले भाड्याचे घर सोडले आणि औंधला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीला एकाच कंपनीत आहेत. सूनबाई अमरावतीची. सकाळी कंपनीची बस दोघांना उचलून नेई आणि संध्याकाळी वाहनांच्या रांगेतून सोडवून परत आणी. मधल्या वेळात दोन हजार चार साली जन्मलेली नात आमच्या ताब्यात असे.

आमच्या घरात एक रीत आहे. ती कोणत्या ग्रंथात आहे मला माहीत नाही आणि शोधायचीही गरज वाटली नाही. मूल भात खायला लागल्यापासून शाळेत जाऊ लागेपर्यंत घरातल्या सर्वांत थोर माणसाच्या ताटात जेवते. त्याच्यासाठी वेगळे ताट वाढत नाहीत. थोर माणसाने पहिला घास मुलाला द्यायचा आणि मग स्वतः जेवायचे. मी माझ्या आजोबांच्या ताटात जेवलो. माझा मुलगा माझ्या वडिलांच्या ताटात जेवला. ही आमच्याकडची वाटणी आहे, आणि तिला दस्त लागत नाही.

फ्लॅटमध्ये जेवणाचे टेबल होते. नातीचा हात वर पोचेना, म्हणून मी चटई टाकून खाली बसू लागलो. ती माझ्या डाव्या अंगाला बसे, कारण कोशिंबीर त्या बाजूला असते. ताटातल्या मिठाला बोट लावून ती तोंड वाकडे करी आणि पुन्हा बोट लावी. मी वरणभात कालवून तूप मुरेपर्यंत थांबे. तेवढाही धीर तिला नसे. माझ्या मनगटाला धरून ती माझाच हात आपल्या तोंडाकडे नेई. नोकरीत असताना मला कोणी अशा घाईने कामाला लावले असते तर मी लेखी हरकत घेतली असती.

दोन हजार सहाच्या जानेवारीत मुलगा म्हणाला, "बाबा, कंपनीने पेरेंट्ससाठी हेल्थ चेकअप ठेवलंय. फुल बॉडी. तुम्ही आणि आई शनिवारी चला."

"माझ्या पूर्ण शरीराने काही तक्रार केलेली नाही," मी म्हणालो.

"अहो बाबा, तक्रारीच्या आधी कळावं म्हणून तर असतं ते."

गेलो. कंपनीची बस आईवडिलांनी भरली होती. अर्धे शहरातले आणि अर्धे विदर्भातून मुलांकडे राहायला आलेले, सगळे रिकाम्या पोटी आणि नव्या कपड्यांत, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे. आमच्या मागच्या बाकावर यवतमाळकडचे एक गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "मागच्या वर्षी माझी साखर निघाली. तुमचं काय निघालं?" माझे काही निघाले नव्हते हे ऐकून त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटले. शिबिर कंपनीच्या उपाहारगृहात होते. रक्त काढले, केळे दिले, आणि मग पोटाच्या विकारांची माहिती देणाऱ्या फलकाखालीच तळलेला वडा आणि कडक कॉफी दिली. त्याच वेळी मी सावध व्हायला हवे होते.

अहवाल गुळगुळीत कागदावर, बांधणी केलेला असा आला. त्यात जठराच्या जंतूपुढे लाल अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापले होते. केंद्राच्या डॉक्टरांनी सूनबाईला फोन केला. तिने तो कर्ण्यावर, म्हणजे स्पीकरवर, ठेवला होता म्हणून मी ऐकला. पलीकडून प्रश्न आला, "घरात लहान मूल आहे का?" आहे, म्हणाली. "मग त्यांचं ताट, पेला, चमचा सगळं वेगळं ठेवा. हे इन्फेक्शन फॅमिलीत पसरतं. गोळ्या लिहून पाठवतो." पलीकडच्या माणसाने मला पाहिले नव्हते. मला पूर्वी काही झाले होते का, हेही त्याने विचारले नाही.

मी नव्व्याण्णवची फाइल आणली.

मुलगा म्हणाला, "बाबा, हा जुना रिपोर्ट आहे. तो लेटेस्ट आहे."

"लेटेस्ट म्हणजे खरा?"

"आमच्यात तरी तसंच असतं. नवीन व्हर्जन आलं की जुनं कोणी बघत नाही."

"माझं पोट म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर नव्हे."

"पण परत लागण होऊ शकते की नाही?"

होऊ शकते, हे मला मान्य होते. म्हणून मी औषधे घेतली. पुन्हा पितळ. सूनबाईने बाजारातून स्टीलचे नवे ताट, दोन वाट्या आणि पेला आणला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या तळाला नखाच्या लाल रंगाचा ठिपका दिला. ती माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "बाबा, राग नका मानू. मला काही वाटत नाही, पण ती लहान आहे न."

"राग तुझ्यावर नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते. ती आई आहे. तिला ज्यांनी घाबरवले त्यांनी अंगावर पांढरा डगला घातला होता. तिने आणखी काय करायला हवे होते?

पण ते ताट पाहिल्यावर मला माझ्या आईच्या घरातली कपबशी आठवली. आमच्याकडे मोलकरणीला चहा वेगळ्या कपात दिला जाई आणि तो कप मोरीवरच्या कोनाड्यात पालथा असे. नोकरीला लागलो त्या महिन्यात मी तो कप इतर कपांत मिसळून टाकला. आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मी त्याबद्दल कधी शेखी मिरवली नाही, आजही मिरवत नाही. एवढेच नोंदवतो, की ज्या घरातून मी वेगळे भांडे बाहेर काढले त्या घरात ते प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी परत आले, आणि या वेळी कोनाड्यात माझे होते. त्या बाईला वर्षानुवर्षे काय वाटले असेल, हे मला त्या आठवड्यात प्रथम नीट कळले.

पहिल्या दिवशी नात नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. सूनबाईने तिला उचलून टेबलाजवळच्या उंच खुर्चीत ठेवले. ती रडली, खुर्चीवर टाचा आपटल्या, माझ्याकडे बोट केले. मी ताटात बघून जेवलो. काही दिवस रडली, मग रडायची थांबली. पुढे ती आपल्या बाहुलीला जेवू घालताना तिला दटावू लागली, "आजोबांच्या भांड्याला हात नाही लावायचा." मूल दटावणे फार लवकर शिकते.

दोन हजार सातच्या जानेवारीत पुन्हा शिबिर, पुन्हा लाल अक्षरे. मुलाने फोन केला, तेव्हा केंद्राकडून उत्तर मिळाले की जंतूने औषधाला दाद दिलेली दिसत नाही, यंदा जरा जोरदार देऊ. ते जोरदार निघाले. जुलाबांनी मी इतका थकलो की जिना चढताना मधल्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या दाराशी बसावे लागे. पत्नीने पहिल्यांदाच विनोद केला नाही. ती मुलाला म्हणाली, "जंतू मरतोय की माणूस, एवढं त्यांना विचार." दोन हजार आठच्या जानेवारीत तिसऱ्यांदा तेच छापून आले आणि तिसऱ्यांदा गोळ्यांची यादी आली. मी ती घेण्यास नकार दिला. या सर्व काळात छातीतली जळजळ जागेवर होती. तिच्याबद्दल तिन्ही अहवालांत एक ओळ नव्हती.

माझ्या नकारावर घरात वर्षभर धुसफूस चालली. अखेर पत्नीच मला एका पोटविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. बाई वयस्क होत्या आणि बोलण्यात तोडून टाकणाऱ्या. त्यांनी तिन्ही गुळगुळीत अहवाल चाळले आणि बाजूला ठेवले. नव्व्याण्णवचा मळलेला कागद मात्र चष्मा लावून वाचला.

"ही रक्ताची तपासणी कोणी सांगितली?"

"मुलाच्या कंपनीने."

"कंपनी औषधंही लिहून देते का?"

मी केंद्राच्या गोळ्यांच्या याद्या पुढे केल्या. त्या म्हणाल्या, "काका, यात जंतू दिसत नाही. जंतूविरुद्ध शरीराने उभा केलेला बंदोबस्त दिसतो. चोर गेल्यावरही ही चौकी कित्येक वर्षं उठत नाही. ज्याला एकदा लागण होऊन गेली आणि उपचार झाले, त्याच्या बाबतीत हा रिपोर्ट आज काय चाललंय ते सांगूच शकत नाही. औषध लागू पडलं का, हे बघायला श्वासाची तपासणी करतात, नाहीतर शौचाची, किंवा तुमच्या डॉक्टरांनी केली तशी."

"म्हणजे दोन वेळा मी घेतलेली औषधं?"

"जंतू आहे की नाही ते न बघता दिली."

"आणि माझी जळजळ?"

"ते वेगळंच प्रकरण. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल आहे, म्हणून आम्ल वर येतं. जंतू मारून झडप घट्ट होत नाही. उलट काही लोकांत हा जंतू वर्षानुवर्षं राहून जठराचं आम्लच कमी करून ठेवतो. तो गेल्यावर अशांना जळजळ जास्त जाणवू शकते. तुमचं तसंच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही."

"थोडक्यात, तो माझ्या बाजूचा साक्षीदार असण्याची शक्यता होती."

"त्याने तुम्हाला रक्त ओकणारा व्रण दिला, काका. इतकंही प्रेम नको."

पंधरा वर्षांत माझ्या पोटाबद्दल कोणी मला असे स्पष्ट सांगितले नव्हते. माहीत आहे तेवढे सांगावे आणि नाही तेथे नाही म्हणावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

श्वासाच्या तपासणीपूर्वी, मी जळजळीसाठी घेत असलेली आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तो नाही असे दिसू शकते. ते दिवस मी आरामखुर्चीत बसून, ताक आणि भातावर काढले. मग एका मोठ्या रुग्णालयात पिशवीत फुंकले, एक पातळ द्रव प्यायलो, थोडे थांबून पुन्हा फुंकले. निकाल आला: जंतू नाही.

तो कागद मी मुलाला दिला नाही, सूनबाईला दिला. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला, एकदा नव्हे, दोनदा. कापसाचा बोळा आणि नखांचा रंग काढायची बाटली घेऊन आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून एकेका भांड्याचा ठिपका पुसू लागली.

त्या रविवारी तिने चटई टाकली, माझे ताट वाढले आणि नातीला बोलावले. "ये, आज आजोबांच्या ताटात."

नात आली. पाच वर्षांची झाली होती, शाळेत जाऊ लागली होती. तिने ताटाकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. आजोबांचं वेगळं असतं."

"अगं, आता चालतं. आता काही नाही त्यांना."

"पण तूच म्हणाली होतीस," नात म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना भीती. लाल दिव्याला थांबायचे असते, हे ती जशी सांगे तसेच तिने हे सांगितले.

सूनबाई आत निघून गेली. माझ्या पत्नीकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असते. तिने ताकाचा गडू उचलला आणि तीही आत गेली. मी नातीला म्हणालो, "बरोबर आहे तुझं. तू तुझ्या ताटात जेव." ती शहाण्यासारखी आपल्या खुर्चीत जाऊन बसली. त्यानंतर मी तिला पुन्हा विचारले नाही आणि विचारणारही नाही. शिकवलेले पाळणाऱ्या मुलावर आग्रह करणे अन्यायाचे आहे. शिवाय शाळेत जाऊ लागलेले मूल आमच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या ताटातच जेवते. तिची मुदत उलटून गेली होती. ही मुदत कोणतेही न्यायालय वाढवून देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तपासणी केंद्रात गेलो. वातानुकूलित जागा, काचेचे दार, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला व्यवस्थापक. मुलाच्याच वयाचा असेल.

"सर, आमची टेस्ट एकदम अ‍ॅक्युरेट आहे," तो म्हणाला. "अँटीबॉडी आहे, म्हणून पॉझिटिव्ह आली."

"माझ्या पोटात आज जंतू आहे का?"

"सर, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे."

"मी अहवालाबद्दल विचारत नाही, पोटाबद्दल विचारतो."

"सर, त्यासाठी खाली लिहिलेलं असतं ना, डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून."

"सल्ला तुमच्याच डॉक्टरांनी दिला. मला न बघता, फोनवरून, माझ्या सुनेला."

"सर, ते पॅकेजचा पार्ट असतं. फ्री."

खाली लिहिलेली ती सूचना मी भिंग घेऊन वाचली आहे. 'पॉझिटिव्ह' हा शब्द पलीकडच्या भिंतीवरून दिसतो आणि सूचना भिंगातून. जी वाचली जाऊ नये अशाच बेताने छापली आहे, तिला सूचना म्हणत नाहीत. मी माझे लेखी निवेदन दिले आणि पोच मागितली. पोच देण्याची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. महिन्याभराने छापील उत्तर आले. अभिप्रायाबद्दल माझे आभार मानले होते आणि पुढच्या तपासणीवर मला सवलत देऊ केली होती. कंपनीच्या कर्मचारी विभागाला दोन पत्रे लिहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसात नको ना." विभागाने उत्तरच दिले नाही, त्यामुळे मुलाची अडचण आपोआप टळली.

शिबिर यंदाही भरणार आहे. बस भरून आईवडील जातील. त्यांत ज्यांच्यावर पूर्वी उपचार झालेले आहेत असे लोक असतील, ज्यांच्या घरी भात खायला लागलेली नातवंडे आहेत असेही असतील. लाल अक्षरे छापून येतील आणि कोणीतरी भांड्यांच्या तळाला ठिपका देईल.

म्हणून त्या केंद्राचे प्रमुख आणि त्या कंपनीचे कर्मचारी अधिकारी यांना मी येथे विचारतो. उपचार झालेल्या माणसाला आज जंतू आहे की नाही हे जी तपासणी सांगू शकत नाही, तिच्या आधारे तुम्ही त्याला औषधे का दिलीत? त्याला न पाहता, पूर्वीचे काहीही न विचारता, त्याचे ताट वेगळे करण्याचा आदेश कोणाच्या अधिकाराने दिलात? यंदाच्या अहवालात, 'पॉझिटिव्ह' या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत, ही तपासणी काय सांगू शकत नाही ते छापणार आहात का?

मला नुकसानभरपाई नको आणि खासगी दिलगिरीही नको. घरच्या पत्त्यावर आलेले उत्तर मी न उघडता परत पाठवीन. उत्तर या शहरातल्या वर्तमानपत्रात, नाव आणि हुद्दा घालून, जबाबदार डॉक्टरांच्या सहीने, पुढच्या शिबिराची बस निघण्यापूर्वी द्यावे.